बुडालेल्या गावाचं घड्याळ

घरात तिला सगळे बोरू म्हणत. लहानपणी ती होतीच तशी, अंगाने काडी आणि टोकाला कायम शाई. पुढे अंग भरलं, कानाजवळचे केस पांढरे झाले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ते ठेवलं होतं थोरल्या बहिणीने, ताईने, आणि ताईने एकदा काही म्हटलं की ते पुसायची कुणाची टाप नव्हती.

बोरूचा पोटापाण्याचा उद्योग चित्रं काढण्याचाच होता. एका मोठ्या स्टुडिओत ती अजून न झालेल्या सिनेमांची आणि संगणकावरच्या खेळांची जगं काढायची. न वसलेलं गाव कसं दिसेल, तिथली माणसं अंगावर काय घालतील, दाराची कडी कोणत्या बाजूला असेल, हे सगळं कुणीतरी आधी कागदावर काढून दाखवावं लागतं. साहेबांनी एक दार मागितलं की ही आधी नुसत्या काळ्या सावल्या काढायची, ढीगभर. त्यातल्या चारदोन साहेबांना पसंत पडायच्या. मग त्यांची आणखी पिल्लं. मग लाकूड, गंज, उजेड. “एका दारासाठी महिनाभर दारोदार फिरते गं मी,” असं ती ताईला सांगायची, आणि ताई म्हणायची, “फीर. पण रविवारी माझ्या दारात ये.”

कारण रविवार चित्रकथेचा होता.

ताई बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे, कुठली उशिरा येणार आहे, हे दिवसभर त्या भोंग्यातून सांगणारा आवाज ताईचा होता. लोक तिला तोंडाने ओळखत नसत. बाजारात तिने वांग्यांचा भाव विचारला की माना वळायच्या. हाच आवाज रविवारी बोरूसाठी असायचा. ताई जमिनीवर सतरंजी टाकून उताणी पडायची, डोळे मिटायची आणि गोष्ट सांगायला लागायची. ती कधी लिहायची नाही. “लिहिलं की मेलं,” म्हणायची. बोरू शेजारी मांडी घालून बसायची आणि ऐकता ऐकता काडेपेटीएवढ्या चौकटींत भराभर रेघोट्या मारत जायची. त्या चिमुकल्या चित्रांना दोघी काडेपेट्याच म्हणायच्या. एका पानाला पाचसहा काडेपेट्या. कुठे माणूस लांबून दिसतो, कुठे नुसता हात, कुठे काहीच नाही, हे सगळं तिथेच ठरायचं. मग आठवडाभर संध्याकाळी घरी येऊन बोरू त्या मोठ्या कागदावर फिक्या निळ्या पेन्सिलीने उतरवायची, आणि शेवटी टाक आणि कुंचला घेऊन शाई.

अशी त्यांची चार पुस्तकं निघाली होती. पाचवं शेवटचं.

गोष्ट एका बुडालेल्या गावाची होती. धरणाचं पाणी आलं, गाव घाईघाईने उठलं, आणि मनोऱ्यावरचं घड्याळ तिथेच राहिलं. रोज चावी द्यावी लागणारं घड्याळ. पण वर्षं गेली तरी तलावात होडी घातली की पाण्याखालून टोले ऐकू येतात. गावातली एक मुलगी, जिला सगळे बुडी म्हणतात, श्वास कोंडून खाली जायला शिकते. तिला एकच जाणून घ्यायचं असतं: चावी कोण देतं?

चार पुस्तकं वाचून लोक हाच प्रश्न विचारत होते. बोरूही विचारायची.

“तुला माहीत तरी आहे का?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग मला सांग की.”

“मुळीच नाही,” ताई म्हणायची. “तुझ्या पोटात काही राहत नाही, सगळं हातात उतरतं. तुला कळलं की बुडीच्या चेहऱ्यावर येईल. तिला माहीत नाही ना? मग तुलाही नको.”

खरंच होतं ते. ती तोंड फुगवून बसायची, पण मनातून तिला हे आवडायचं. दर रविवारी ती बुडीइतकीच अडाणी असायची.

एका रविवारी बुडी मनोऱ्यापर्यंत पोचली. ताई डोळे मिटून सांगत होती, “दाराला शेवाळ आहे. ती हात लावते. दार थरथरतंय. म्हणजे आत चालू आहे.” आणि एकदम उठून बसली. “बास. घसा बसलाय माझा. बाकीचं पुढच्या खेपेला.”

“ताई, अगं दारात आणून सोडतेस?”

“तुझाच धंदा आहे दारांचा. बस काढत.”

हे ताईचं शेवटचं धड वाक्य. म्हणजे बोरूने ऐकलेलं. त्याच आठवड्यात, सकाळी कामावर जायच्या गडबडीत, ताई स्वयंपाकघरात कोसळली. मेंदूत गुठळी झाली होती. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, चपला घालत होते. ताई त्यांना डबा घेतलात का असं विचारत होती, आणि ‘डबा’ एवढंच म्हणून ती खाली गेली.

दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा उजवं अंग लुळं पडलं होतं. डोळे ओळखीचे होते. बोरू दिसताच ते भरून आले. तोंड उघडलं, आणि म्हणाली, “डबा.”

“डबा? कसला डबा, ताई?”

“डबा,” ताई म्हणाली. स्वतःच्या तोंडातून काय आलं ते ऐकून दचकली. परत प्रयत्न केला. “डबा. डबा डबा. डबा!”

सगळे शब्द गेले आणि तो एक राहिला. पाणी हवं तरी डबा, खिडकी लावा तरी डबा, दुखतंय तरी डबा. सूर मात्र सगळे शाबूत होते. विनवणी, चिडचिड, लाड, टोमणा, सगळं त्या एका शब्दात बसवायची. पहिल्या दिवशी नर्स तोंडावर हात धरून हसली, आणि बोरूला तिचा गळा धरावासा वाटला. मग तीही वळून खिडकीकडे बघत हसली, आणि त्या हसण्याची तिला कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

घरी आणल्यावर वाचा शिकवणाऱ्या बाई येऊ लागल्या. शांत, ठेंगण्या बाई. ताईसमोर चित्रांचे पत्ते धरायच्या आणि हलक्या आवाजात म्हणायच्या, “कप. क... प.” ताई घामाघूम व्हायची.

बोरूने त्यांना जिन्यात गाठलं. “तिला आतून सगळं कळतं ना? आठवतं ना?”

“बरंचसं कळत असावं,” बाई म्हणाल्या. “किती, ते सांगणं अवघड आहे. शब्दांचा रस्ता तुटलाय.”

“पण चित्र दाखवलं आणि हो की नाही विचारलं तर?”

“ह्या आजारात हो-नाहीची सुद्धा गल्लत होते. मान हलवतील हो म्हणून, मनात असेल नाही. जपून.”

बोरूने ऐकलं, पण कानाआड केलं. जिना उतरताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ताईला शब्द नाहीत, ठीक आहे. पण आयुष्यभर आपण दुसरं काय केलंय? समोरच्या माणसाला जे सांगता येत नाही ते आपण दहा तऱ्हांनी काढून दाखवतो, आणि तो बोट ठेवतो. साहेबांना तरी कुठे सांगता येतं? ‘हे नाही, ते नाही, काहीतरी वेगळं’ एवढंच म्हणतात, आणि तेवढ्यावर आपण दार शोधून काढतोच की!

ती कामाला लागली. मनोऱ्याच्या आत कोण असेल? एका कागदावर सावल्या काढल्या: म्हातारा घड्याळजी, हाडांचा सापळा, एक मोठा मासा, बुडीचीच आई, नुसता काळोख, कुणीच नाही. रविवारी ताईच्या पलंगावर तो कागद पसरला.

“ताई, ह्यातलं कोण? नुसतं बोट ठेव.”

ताईने डाव्या हाताने कागद जवळ ओढला. एकेक चित्र बघितलं, अगदी पूर्वी बघायची तसं, मान जरा वाकडी करून. मग बोट म्हाताऱ्यावर ठेवलं.

बोरूच्या अंगावर काटा आला. “घड्याळजी? तो गेलाच नाही गाव सोडून?”

ताईने मान हलवली. हो.

बोरू तरंगतच घरी गेली. आठवडाभर घड्याळजी काढला. त्याचे हात, कोट, पाण्याने सुजलेल्या पापण्या. पुढच्या रविवारी दाखवला, तर ताईने कागद बाजूला सारला. बोरूने जुना कागद परत पुढे केला. आता बोट काळोखावर. हा? हो. मग म्हातारा? हो. मासा? हो. बोरूने खात्रीसाठी कागदाच्या कोपऱ्यात एक चहाची किटली काढली. “चावी ही देते?” ताईने मान हलवली. हो. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कारण तिला कळत होतं की मान चुकतेय आणि ती थांबवता येत नाहीये.

शेवट तिथे होता, तिच्यापासून हातभर अंतरावर, उशीवर टेकलेल्या त्या डोक्यात. आणि तिथपर्यंत जायला वाट नव्हती.

इकडे संपादकबाईंचे फोन सुरू झाले होते. बाई वाईट नव्हत्या. पहिल्या पुस्तकाला कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा त्यांनीच ते छापलं होतं. पण पाचव्या पुस्तकाची जाहिरात होऊन गेली होती.

“दुसरा कुणी लेखक बघू का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग तूच संपव. हे बघ, तुला वाईट वाटेल, पण बोलते. पाण्याखाली बुडी बोलतच नाही. तिथे बोलण्याचा एक फुगा नाही, एक शब्द नाही. सगळं तूच तर काढतेस. मग तिथे लेखिका हवी कशाला?”

कसं समजावणार? पाण्याखालच्या त्या मुक्या पानांवर ताई सगळ्यात जास्त बोलायची. ‘इथे ती थांबते. का थांबते विचारू नकोस. पुढच्या चौकटीत काहीच काढू नकोस, पाणी राहू दे.’ पाणी काढायचं नसतं, सोडायचं असतं, हे बोरूला ताईकडून कळलं होतं, आणि ताईला साधी मांजर काढता येत नव्हती. “मी बघते,” एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

मग तिने जुनी चित्रं खाली काढली. पहिलं पुस्तक सुरू व्हायच्या आधी तिने आख्खं गाव काढून ठेवलं होतं: गल्ल्या, छपरं, विहिरी, मनोरा, घड्याळाची यंत्रं, चाकं. जमिनीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. प्रत्येक चित्रापाशी बसून ती आठवायची, इथे ताई काय म्हणाली होती? आणि घड्याळाच्या चित्रापाशी तिला आठवलं. चावीचं भोक तिने माणसाच्या छातीच्या उंचीवर काढलं होतं. ताई म्हणाली होती, “खाली घे. अजून खाली. गुडघ्यापाशी.” का, तर “मला तसं दिसतं.”

गुडघ्यापाशी! एवढ्या खाली चावी कोण देईल? लहान मूल. गाव उठलं तेव्हा मागे राहिलेलं, कुणाच्या ध्यानात न आलेलं एखादं पोर! बोरू त्या कागदांच्या पसाऱ्यात उभी राहिली आणि एकटीच टाळ्या पिटायला लागली. सगळं जुळत होतं. स्टुडिओतून आजारी असल्याचं सांगून तिने पानंच्या पानं काढली. ते मूल, त्याचे वाढलेले केस, चावीला लटकलेलं त्याचं इवलंसं वजन. इतकं चांगलं काम आपल्या हातून कित्येक वर्षांत झालं नाही, असं तिला वाटलं.

रविवारी तिने ती पानं ताईच्या मांडीवर एकेक करून ठेवली. ताईने पहिलं बघितलं, दुसरं बघितलं. तिसऱ्यावर मूल आलं, आणि ताई हसली.

नुसती हसली नाही. नाकातून सुरू होऊन खांदे गदागदा हलवणारं तिचं ते जुनं हसू, बोरूने चुकीचा तर्क लढवला की यायचं ते. भाऊजी हातात उलथनं घेऊन स्वयंपाकघरातून धावत आले. आजारानंतर ती पहिल्यांदा हसत होती. तेही हसायला लागले, का ते माहीत नसताना. बोरूही हसली. तिघं हसून हसून रडकुंडीला आली.

मग बोरूच्या लक्षात आलं. चुकलं म्हणून हसतेय. म्हणजे बरोबर काय ते तिला आठवतंय.

“ताई,” ती पलंगावर चढून बसली. “मूल नाही. बरं. मग कोण?”

“डबा,” ताई उत्सुकतेने म्हणाली, आणि डावा हात उचलून हवेत काहीतरी केलं. फिरवल्यासारखं.

“चावी? चावी फिरवते? कोण फिरवतं?”

“डबा.” हात परत फिरला, आता उलटा.

“उलटी? घड्याळ उलटं चालतं?”

“डबा डबा!” ताईचा चेहरा लाल झाला.

“चाक? वारा? भोवरा? पाण्यातला भोवरा? अगं, उघडायचं? दार उघडायचं का?” बोरूचा आवाज चढत गेला, बहिऱ्याशी बोलावं तसा. ताईच्या कपाळावर घाम आला होता. ती तोंड उघडत होती, जीभ पुढे आणत होती, आणि त्या शब्दाच्या अगदी जवळ जाऊन दर वेळी त्याच खड्ड्यात पडत होती. डबा. डबा. डबा.

“एक शब्द, ताई! फक्त एक! इतकी वर्षं मला टांगून ठेवलंस, सांगून टाकलं असतंस तर काय बिघडलं असतं तुझं?”

हे बोलून गेल्यावर बोरूला कळलं की आपण काय बोललो. पण तोवर ताईने डाव्या हाताची मूठ वळली होती आणि ती स्वतःच्या तोंडावर मारायला लागली होती. ओठ फुटला. भाऊजींनी उलथनं फेकलं आणि तिचा हात धरला.

“पुरे,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. ताईला निजवलं, ओठ पुसला. मग बोरूला दारापर्यंत सोडायला आले. “बोरू, एक विचारू? तू तिच्यासाठी येतेस की पुस्तकासाठी?”

“भाऊजी, ते पुस्तक तिचंच आहे.”

“ते नाही विचारलं मी.”

बोरू चपला शोधायला लागली. “थोडे दिवस येऊ नकोस,” भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी दार आपटलं नाही, हळूच लावलं. ते जास्त लागलं.

मग कामातूनही तिचा हात गेला. स्टुडिओत किल्ल्याची वेस हवी होती. तिने सावल्यांचा ढीग काढला, साहेबांनी तो चाळला आणि म्हणाले, “हे सगळं एकच चित्र आहे. तुम्हाला दिसत नाहीये का?” तिला दिसत नव्हतं. तिने परत नीट बघितलं, आणि खरंच, सगळीकडे तेच दार, शेवाळलेलं, बंद. साहेबांनी काम दुसऱ्या मुलीला दिलं आणि बोरूला त्या मुलीच्या चित्रांत रंग भरायला बसवलं. ती मान खाली घालून रंग भरत राहिली. घरी यायची तर पेन्सिलीला टोक करायची आणि कोऱ्या कागदासमोर बसून राहायची. कधी कधी तिला ताईचा रागही यायचा, जळजळीत राग. मग त्या रागाचीच भीती वाटायची.

शेवटी संपादकबाई म्हणाल्या, आता नाही तर कधीच नाही. मागून येणारी पुस्तकं तुंबली आहेत.

बोरूने रजा काढली. खिडकीपाशी टेबल ओढलं आणि शेवट स्वतः काढायला घेतला. तिच्या शेवटात मनोऱ्याच्या आत आता कुणीच नव्हतं. घड्याळाच्या कमानीचा पीळ संपत आला होता, टोले हळू पडत होते, आणि चावी खाली चिखलात पडलेली. बुडी ती उचलते, वाकून, गुडघ्यावर येऊन चावी देते. मग वर जाते. आणि आता तिला रोज यावं लागणार.

वाईट नव्हता तो शेवट. पेन्सिल झाली, शाई सुरू झाली. टाकाने दगडाच्या भेगा, कुंचल्याने काळोख, आणि पाण्यासाठी कोरा कागद तसाच. हात शिकलेला होता, तो आपलं काम करत होता. पण प्रत्येक चौकटीत तिला जाणवत होतं की ताई हे असं सांगणार नाही. ताई कुठेतरी थांबली असती, बोरूला कळलं नसतं अशा जागी. आपली वाट सरळ जातेय, नको तितकी सरळ. दुसऱ्याचे कपडे घालून आरशापुढे उभं राहावं तसं वाटत होतं. तरी ती काढत राहिली, कारण थांबली असती तर पुन्हा टाक उचलला नसता.

पानं घेऊन ती ताईकडे गेली तेव्हा भाऊजींनी मुकाट्याने दार उघडलं. ताई खुर्चीत बसलेली होती, जरा सुकलेली. बोरूला बघून तिने हात पुढे केला. बोरू तिच्या पायाशी बसली, त्या हातावर कपाळ टेकलं. माफी मागायची होती, पण हात आधी पानांकडेच गेला.

मग तिने पानं एकेक करून दाखवली. ताई बघत राहिली. बुडी गुडघ्यावर येऊन चावी देते त्या पानावर ताईने मूठ आपटली. एकदा, परत एकदा. आणि हुंदके देऊन रडायला लागली. “डबा. डबा.”

“हेच होतं? हेच ना, ताई? की हे नाही?”

ताईने हो म्हणून मान हलवली. मग नाही म्हणून हलवली.

बोरूने हताश होऊन भाऊजींकडे बघितलं. भाऊजी दाराला टेकून उभे होते. गेल्या काही महिन्यांत त्यांचे खांदे उतरले होते. “ती आता कशालाही रडते गं,” ते म्हणाले. “काल बादली लवंडली, तेव्हाही अशीच रडली.”

पानं छापायला गेली. मुखपृष्ठावर कथा कुणाची लिहायची, ह्यावर संपादकबाईंशी वाद झाला. दोघींची, असं बाई म्हणत होत्या, आणि प्रस्तावनेत ताईच्या आजाराबद्दल चार ओळी. “लोकांच्या काळजाला भिडेल,” बाई म्हणाल्या. बोरूच्या अंगाचा तिळपापड झाला. प्रस्तावना नाही, आणि कथा ताईचीच, नेहमीसारखी. हट्टाने तिने ते करून घेतलं. आपलं नाव तिथे घातलं तर चोरी केल्यासारखं होईल, एवढंच तिला तेव्हा दिसत होतं.

पुस्तक निघालं. लोकांना शेवट आवडला. हेच तिला सोसवेना. कुणीतरी कळवलं की वाचताना रडू आलं, कुणी म्हणालं, ताईंनी काय शेवट केलाय, असाच हवा होता. कुणालाच दोघींच्या गोष्टींमधला सांधा दिसला नाही. बोरू रोज वाट बघत होती की कुणीतरी म्हणेल, इथे काहीतरी तुटलंय. कुणी म्हटलं नाही.

ताईला तिने छापील प्रत नेऊन दिली. ताईने पुस्तक मांडीवर घेतलं, मुखपृष्ठावर हात फिरवला, आपल्या नावावरून बोट नेलं. मग डाव्या हाताने पानं उलटायला लागली. सावकाश, एकेक चौकट बघत. मध्येच एका ठिकाणी नाकातून हसली, पूर्वी दोघींनी केलेल्या एका गमतीपाशी. बोरू श्वास रोखून बघत होती. बुडी तळाशी पोचली. मनोऱ्यापाशी आली. शेवाळावर हात ठेवला.

ताई तिथे थांबली. पान उलटलं नाही. पुस्तक मिटलं आणि बाजूला ठेवलं.

“पुढे आहे अजून, ताई,” बोरू म्हणाली. तिने पुस्तक उघडून पुढचं पान काढून दिलं. ताईने ते तिच्या हातातून घेतलं, पानं मागे नेली, दारापर्यंत, आणि परत मिटलं. रागाने नाही. दुकानात दुसऱ्याची पिशवी चुकून आपल्याकडे आली की परत ठेवतो, तसं.

आता शंका उरली नव्हती. आपला शब्द कुठे संपतो ते ताईला नेमकं माहीत होतं. म्हणजे पुढचं सगळं तिच्यापाशी होतं, जसंच्या तसं, आणि त्यावर तिच्याच नावाने दुसरी एक गोष्ट बोरूने छापून ठेवली होती. लोक ती तिची म्हणून वाचत होते. पुसायला आता उशीर झाला होता.

“चुकलं ना माझं?” तिने विचारलं.

ताईने तिच्याकडे बघितलं. “डबा,” ती हलकेच म्हणाली. त्या सुरात काय होतं ते बोरूला कळलं नाही. आयुष्यभर जिचा सूर न् सूर ओळखला, तिचा हा एक सूर कळला नाही.

ती उठली आणि बाहेर जिन्यात जाऊन बसली. पदर तोंडात कोंबून रडली, आवाज आत जाऊ नये म्हणून. भाऊजी आले, दोन पायऱ्या सोडून बसले. खालून कुणीतरी भाजीच्या पिशव्या घेऊन वर आलं, तेव्हा दोघांनीही पाय आखडून वाट दिली.

“आता विचारणार नाही मी तिला,” बोरू म्हणाली.

“बरं.”

“तिच्या डोक्यात आहे सगळं, भाऊजी. तिथेच राहणार आता.”

भाऊजींनी मान हलवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. “वाचेच्या बाई येतील इतक्यात. तिचे केस विंचरायचे राहिलेत. एका हाताने तिला जमत नाही, आणि मी ओढतो म्हणून माझ्यावर करवादते. तू बघतेस?”

बोरूने डोळे पुसले, आत गेली, फणी घेतली. उजव्या बाजूला, जिथे ताईचा हात पोचत नव्हता, तिथे केसांचा गुंता झाला होता. तिने खालून सुरुवात केली आणि हळूहळू सोडवत वर गेली. ताई डोळे मिटून बसून राहिली.